पापलेटचं दूध

पापलेट ताजं आहे की नाही हे ठरवायला माझ्या आईला एक अंगठा पुरतो. कल्ल्याच्या खाली दाबायचं. पांढरं, दुधासारखं पाणी आलं तर मासा ताजा. लालसर आलं तर शिळा. काहीच आलं नाही तर तो कोणी फुकट दिला तरी घ्यायचा नाही. ठाकूरद्वारच्या एका वाडीत तिने ही परीक्षा आधी सासवांना शिकवली, मग त्यांच्या सुनांना. नवी सून नाकाला पदर लावून पाटीपाशी आली की आई म्हणायची, "दाब गो बाय. तुझ्या अंगठ्याने दाब. माझ्या अंगठ्यावर इस्वास ठेवू नको." गिऱ्हाइकाच्या हातात असं हत्यार देणारी दुसरी मासेवाली मी पाहिली नाही. तेच हत्यार पुढे तिच्यावर चाललं आणि मला ते अजून पचलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही वरळी कोळीवाड्यातले. बाबा गेल्यावर होडी विकली आणि आईने पाटी उचलली. पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन मासळी घ्यायची, कोळीवाड्यातल्याच आणखी दोघी-तिघींबरोबर टॅक्सी करायची आणि आपापल्या ठरलेल्या आळीत उतरायचं, असा तिचा शिरस्ता. तिच्या वाट्याला ही वाडी आली. बुधवार, शुक्रवार, रविवार. दुमजली, तिमजली जुन्या इमारती, मध्ये विहीर, विहिरीला जाळी. पहिल्या इमारतीच्या पहिल्या माळ्यावर जिन्याच्या वळणावर ती बसते. तिथूनच हाक मारते, आणि दारं उघडतात.

आईला वाचता येत नाही. नोटा ओळखते, घड्याळ ओळखते, फोनवर माणसांचे फोटो लावून दिलेत ते ओळखते. मी मात्र शिकले, आणि त्याचं श्रेय बरंचसं काकूंचं आहे. काकू म्हणजे आई बसते त्याच माळ्यावर राहणाऱ्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. दहावीच्या वर्षी मी आईबरोबर यायचे. आई मासे कापायची आणि मी काकूंच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून बीजगणित सोडवायचे. "पायरी गाळू नकोस," त्या म्हणायच्या. "उत्तर बरोबर आलं म्हणून मी मार्क देणार नाही. कसं आलं ते दाखव." आईला त्या चहा द्यायच्या. आईचा कप वेगळा होता, तो बाहेर खिडकीच्या फळीवर पालथा असायचा. आई त्याला कौतुकाने 'माझा कप' म्हणायची. मी त्याला मनातल्या मनात दुसरं काहीतरी म्हणायचे, पण काकूंनी फुकट शिकवलेल्या गणितापुढे ते बोलायची माझी छाती नव्हती.

लॉकडाऊनमध्ये वाडीचं फाटक बंद झालं तेव्हा काकूंनीच व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. 'ताजी मासळी' असं नाव, वाडीतल्या वीसेक बायका आणि मी. मी सकाळी पाटीचा फोटो टाकायचे, त्या मागणी लिहायच्या, आई फाटकावर पिशव्या ठेवून यायची. ते दिवस गेले, पण ग्रुप राहिला. मग त्यावर सुप्रभात आलं, पाककृती आल्या, गुडघेदुखीवरचे काढे आले. असे सगळे ग्रुप शेवटी एकाच गटारात जाऊन मिळतात, त्याला आमचाही अपवाद नव्हता.

मी काही धुतल्या तांदळासारखी आहे असं नाही. मध्यंतरी प्लास्टिकच्या अंड्यांचा मेसेज फिरत होता. कोणीतरी उकडलेल्या अंड्याचा पापुद्रा ताणून दाखवत होतं. मी तो स्वतः चार ठिकाणी पुढे पाठवला आणि कोपऱ्यावरच्या अंडेवाल्याकडे जाणं बंद केलं. आई म्हणाली, "प्लास्टिक महाग का अंडा महाग?" मी म्हटलं, तुला कळत नाही. नंतर कळलं की ते सगळं थोतांड होतं, तेव्हा मी गुपचूप पुन्हा त्या अंडेवाल्याकडे जाऊ लागले. त्याला काही बोलले नाही. त्यानेही विचारलं नाही. माझ्यावर वेळ आली तेव्हा तो मला आठवला, हे कबूल करायला हवं.

तर झालं असं. काकूंची मुलगी लग्न होऊन परदेशी गेली. तिथल्या दुकानात तिला पापलेट मिळालं, पण ताजं कसं ओळखायचं ते आठवेना. म्हणून एका रविवारी काकू फोन घेऊन बाहेर आल्या. "मावशी, जरा दाखवा हो, लेकीला पाठवते." आई खूश. तिने पाटीतलं सगळ्यात मोठं पापलेट निवडलं, पाण्याने पुसलं आणि दाबून दाखवलं. काकूंना नीट दिसलं नाही, म्हणून पुन्हा दाखवलं. तो व्हिडिओ काकूंनी मलाही पाठवला, खाली लिहिलं, 'आईला दाखव.' त्यात आईचा चेहरा नाही. नुसते हात आहेत. मनगटावर गोंदलेली तुळस, कोयत्याने फाटलेलं अंगठ्याचं नख, खाली काकूंच्या जिन्याची लाल लादी. आवाज दोघींचा आहे. काकू म्हणतात, "हां मावशी, आता परत एकदा, हळू." आई म्हणते, "बघ बाय, दूध आला. ह्याला म्हणतात ताजा." आणि दोघी हसतात. मुलीने तो फेसबुकवरच्या आपल्या स्वयंपाकाच्या पानावर टाकला. आम्ही विसरून गेलो.

काही महिन्यांनी एका मंगळवारी मी परळला ऑफिसात जेवत होते. आवक-जावकच्या टेबलावर डबा उघडला आणि फोन वाजला. 'ताजी मासळी' ग्रुपवर तिसऱ्या माळ्यावरच्या बाईंनी एक व्हिडिओ टाकला होता. वर लाल अक्षरं, खाली कोणी मागे लागल्यासारखं संगीत, आणि एका पुरुषाचा हिंदी आवाज. "देखिए, मछली को दबाते ही सफ़ेद केमिकल बाहर आ रहा है. यही इंजेक्शन आपके बच्चों के पेट में जा रहा है." बाईंनी खाली लिहिलं होतं, 'काळजी घ्या. मुलांना देऊ नका. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.'

मी आधी नेहमीसारखं अर्धवट पाहिलं. मग अंगठा दिसला. फाटलेलं नख. तुळस. लाल लादी. मी डबा बाजूला सारला आणि व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावला. बाजूच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं, काय झालं गं? मी तिला फोन दाखवला. ती म्हणाली, "बाप रे, मी तर परवाच पापलेट आणलं." मी म्हटलं, "ही माझी आई आहे." तिला वाटलं, मी मस्करी करतेय.

ग्रुपवर तोवर हात जोडलेले, रडणारे, घाबरलेले चेहरे येऊन पडले होते. एकीने लिहिलं, 'मला नेहमीच शंका होती.' हिला आईने तिच्या बाळंतपणात घरपोच बोंबील दिले होते, डॉक्टर म्हणाले म्हणून, चुलीवर भाजून. जे हात आठवड्यातून तीनदा त्यांच्या दारात येतात ते एकीलाही ओळखता आले नाहीत. दूध आलं नाही तर मासा परत करणाऱ्या या बायका. ज्या गोष्टीसाठी त्या वर्षानुवर्षं अंगठा दाबत आल्या, त्याच गोष्टीला एका अनोळखी पुरुषाने विष म्हटलं आणि त्यांचा स्वतःच्या अंगठ्यावरचा विश्वास उडाला. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे कांकण हातात होतं आणि सगळ्या आरशात बघत बसल्या होत्या.

मी लगेच उत्तर देणार होते. पण व्हिडिओत काकूंचा आवाज होता, आणि काकू ग्रुपवर होत्या. त्यांच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसत होतं. त्यांनी पाहिलं असणार. मला वाटलं, आता त्याच लिहितील. संध्याकाळपर्यंत मी दर दहा मिनिटांनी बघत होते. त्यांनी काही लिहिलं नाही.

बुधवारी आई गेली आणि पाटी जवळजवळ भरलेली घेऊन परत आली. "आज सगळ्यांना काय झालं काय माहीत," ती म्हणाली. "एक म्हणते घरात माळकरी पाहुणे हायत, एक म्हणते पोट बिघडलंय. काकूने दारच उघडलं नाय. आत टीव्ही चालू होता." आईने मासळी कोळीवाड्यातच इकडेतिकडे वाटून टाकली. तिला वाटलं, कोणाचं तरी सुतक असेल.

तेव्हा मी तिला व्हिडिओ दाखवला. आधी ती हसली, आपला हात बघून. मग त्या माणसाचं बोलणं तिने दोनदा ऐकलं. "ह्यो कोण?" "माहीत नाही." "तो तिथे होता?" "नाही." "मग त्याला कसं ठाव?" मी म्हटलं, आई, तसं नसतं हे. मग तिचा चेहरा मोकळा झाला. "काकूच्याच मोबाईलमधला हाय ना? मग ती सांगेल. तिने डोळ्यांनी बघितलंय."

मी म्हटलं, माझ्याकडे खरा व्हिडिओ आहे, आत्ता टाकते. आईने माझा हात धरला. "तिचा आवाज हाय त्यात. तिला इचारल्याशिवाय टाकू नको. बरं दिसत नाय." या बाईच्या पाटीवर लोक थुंकायला निघाले होते आणि तिला काय बरं दिसतं याची पडली होती. पण तिच्या दृष्टीने सगळा प्रश्न आता तिथे येऊन थांबला होता. बाकीच्या वीसजणी परत आल्या नाहीत तरी चालेल. काकूंनी सांगायला हवं.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी काकूंकडे गेले. त्यांनी दार उघडलं, मला आत बसवलं, पंखा लावला. मी फोनवरचे दोन्ही व्हिडिओ त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी पाहिले. म्हणाल्या, "हो गं, किती वाईट करतात लोक." मी म्हटलं, "मग तुम्ही ग्रुपवर एवढंच लिहा ना, की हा मी काढलाय."

त्या चष्मा पुसू लागल्या. "माझ्या मुलीचं नाव येईल. तिच्या पानावर लोक काय काय लिहायला लागलेत. ती म्हणाली, आई, तू यात पडू नकोस."

"नाव नका घेऊ तिचं. तुमच्या समोर घडलंय, एवढंच सांगा."

"समोर घडलंय खरं," काकू म्हणाल्या. मग अगदी प्रामाणिकपणे, मला विश्वासात घेतल्यासारखं म्हणाल्या, "पण तुला खरं सांगू का, मला तेव्हाच वाटलं होतं. इतकं पांढरं कसं?"

मला राग आला नाही, भीती वाटली. बाई खोटं बोलत नव्हत्या. तो व्हिडिओ इतक्यांदा पाहून त्यांची आठवणच बदलली होती. जिन्यावरचं हसणं पुसून त्या जागी त्या माणसाचा आवाज बसला होता. मी म्हटलं, "काकू, तुम्हीच तर चाळीस वर्षं दूध बघून मासा घेत आलात." त्या म्हणाल्या, "घेत आले गं. पण आपल्याला काय कळतं?" मला पायरी गाळू न देणाऱ्या बाई. मग म्हणाल्या, "दोन दिवस थांब. मी विचार करून लिहिते. आईला सांग, मी लिहिते."

आईला मी तेच सांगितलं. "बोलली ना? मी म्हटलं नव्हतं?" ती म्हणाली. शुक्रवारी ती वाडीत गेली नाही, मुद्दाम. काकूंनी लिहिल्यावरच ताठ मानेने जायचं होतं तिला.

शनिवारी दुपारपर्यंत ग्रुपवर उडदाच्या पापडाची जाहिरात आली, कोणाच्या नातवाचा फोटो आला. मी या विषयावरचा एक मोठा लेख शोधून टाकला, तज्ज्ञांनी सगळं नीट समजावून सांगितलेला. तो कोणी उघडलाही नसेल. अर्ध्या मिनिटाच्या घाबरवण्यापुढे दहा मिनिटांच्या समजावण्याला कोण विचारतो. शेवटी माझा संयम सुटला. आईला न सांगता मी खरा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, 'हे हात माझ्या आईचे आहेत. व्हिडिओ काकूंनी त्यांच्या जिन्यावर काढला. आवाज ऐका.'

पाच मिनिटं गेली. मग तिसऱ्या माळ्यावरच्या बाई. 'हाच एडिट केलेला वाटतो.' दुसरी म्हणाली, 'आजकाल एआयने कोणाचाही आवाज काढतात.' तिसरी म्हणाली, 'ज्याचा धंदा तो असंच म्हणणार.' पहिला व्हिडिओ कुठून आला हे एकीनेही विचारलं नव्हतं. माझ्या व्हिडिओचा मात्र पंचनामा सुरू झाला. लादीचा रंग वेगळा दिसतो. हसताना ओठ कुठे दिसतात. ओठ कसे दिसणार, बायांनो, चेहराच नाही त्यात. मी लिहिलं, 'काकू, तुम्हीच सांगा.'

वर 'टाइप करत आहे' असं दिसू लागलं. थांबलं. पुन्हा दिसलं. पुन्हा थांबलं. ग्रुपवर सगळ्या जणी त्याच एका ओळीकडे बघत असणार. मग काकूंचा मेसेज आला.

'आवाज माझ्यासारखा आहे, पण हल्ली काहीही करता येतं. मला यातलं काही आठवत नाही. कृपया मला या वादात ओढू नये.'

मी फोन पालथा ठेवला. त्यांच्या अंगावर धावून जावं इतका संताप आला आणि त्याच्या खाली अगदी लहान मुलीसारखं रडू आलं. स्वतःच्या आवाजाला परका म्हणाल्या. ज्या उंबऱ्याशी बसून मी शिकले त्या घराने मला आणि आईला ओळख दाखवली नाही.

आई ओट्याशी सोडे निवडत होती. तिने फोनचा आवाज ऐकला होता. "काकू काय?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "काय लिवलं?"

तिने हात थांबवून माझ्याकडे पाहिलं होतं. दोन दिवस ती या एका उत्तरासाठी घरात बसली होती. माझी जीभ रेटली नाही. मी म्हटलं, "लिहिलंय की व्हिडिओ मीच काढला. मावशी खरं बोलतात. त्यांच्यासारखा मासा कोणी देत नाही."

"वाच परत," आई म्हणाली. मी फोन उचलला, काकूंच्या त्या तीन ओळींवर डोळे ठेवले आणि माझं खोटं पुन्हा एकदा शब्दन् शब्द वाचलं. आईने पदराने डोळे टिपले. "बाई चांगली हाय," ती म्हणाली. "घाबरली होती फक्त."

दुसऱ्या दिवशी रविवार. ती पहाटे गेली. मी तिला अडवू शकले असते. धक्क्यावर जाऊ नको, मला बरं वाटत नाही, काहीही सांगता आलं असतं. मी अंथरुणात पडून राहिले आणि देवाला म्हटलं, आज काकू घरी नसू देत.

दुपारी आई परत आली. पाटी दारातच ठेवली. पाय धुतले. मी पाणी दिलं ते घेतलं नाही. खाली बसून सांगू लागली, आवाज न चढवता. जिन्यावर बसल्यावर तिने काकूंना हाक मारली. काकू बाहेर आल्या. आईने त्यांच्यासाठी पापलेटची जोडी बाजूला काढली होती. चार बायका दारात होत्या, त्यांच्यासमोर आई म्हणाली, बाय, तू लिवलंस ते लई मोठं काम केलंस. काकू म्हणाल्या, मी काय लिहिलंय मावशी? आई म्हणाली, तेच, मोबाईलवर. तेव्हा तिसऱ्या माळ्यावरच्या बाई जिना उतरून आल्या, त्यांनी फोन काढला आणि काकूंचा मेसेज आईला मोठ्याने वाचून दाखवला. काकू खाली मान घालून उभ्या होत्या.

"तिने बरोबर वाचलं ना?" आईने मला विचारलं.

मी म्हटलं, "हो."

"ती बाय, जिने माझं वाटोळं केलं, तिने मना बरोबर वाचून दाखवलं." आईने ओले पाय पदराने पुसले. "आन तू? मना वाचता येत नाय म्हणून?"

मी सांगितलं की तुझ्यासाठी केलं, तुला त्रास होऊ नये म्हणून. तिने ऐकून घेतलं. वाडीत ती त्यानंतर गेली नाही. आता कोळीवाड्यातच बसते, आमच्या गल्लीच्या तोंडाशी.

तिच्या फोनवर अजूनही मेसेज येतात. बँकेचे, गॅसचे, नातेवाइकांचे. पूर्वीसारखीच ती फोन माझ्यापुढे धरते आणि मी वाचून दाखवते. ती "बरं" म्हणते. मग चपला घालते आणि तोच फोन घेऊन शेजारणीकडे जाते, पुन्हा वाचून घ्यायला.